पान २०९: एका स्मरणिकेच्या बांधणीच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार
काल एकादशी झाली, आज काम आलं. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेची शतकमहोत्सवी स्मरणिका. प्रती १०००. डेमी आकार, मजकुराची पानं ३२०, म्हणजे सोळापानी २० फर्मे (छापलेला ताव दुमडून सोळा पानं झाली की एक फर्मा). शिवाय मधे आर्ट पेपरवर फोटोंची १६ पानं. कव्हर ३०० जीएसएम, वर ग्लॉस लॅमिनेशन. छपाई दुसरीकडे झालीय, आमच्याकडे फक्त घडी, गॅदरिंग (फर्मे ओळीनं लावणं), परफेक्ट बायंडिंग (पाठ सोलून गरम डिंकानं चिकटवणं) आणि कटिंग. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर प्रकाशन, तेव्हा १३ ला माल शाळेत पोचायला हवा.

मालकांनी वही दिली आणि म्हणाले, "या कामाचं रोजचं लिहून ठेवा. मागच्या वर्षीसारखं नको." मागच्या वर्षी काय झालं ते इथं लिहीत नाही. दोघांनाही ठाऊक आहे.

फर्मे फळ्यांवर रचून घेतले, खाली जमिनीला टेकू दिले नाहीत. बेळगावच्या वडगावात या दिवसांत फरशीलाही घाम येतो.

९ जुलै, बुधवार
घडीयंत्रावर ११ फर्म्यांची घडी झाली. उरलेले उद्या. मालक म्हणाले आधी पाच डमी काढा, शाळेच्या सरांना दाखवायला. वीसही फर्म्यांचे पाच-पाच ताव हातानं दुमडून डमी लावल्या.

गॅदरिंग तपासताना फर्म्यांच्या पाठीवरच्या काळ्या खुणा बघायच्या. प्रत्येक फर्म्याची खूण आधीच्यापेक्षा थोडी खाली छापलेली असते. सगळे ओळीत लागले की पाठीवर तिरका जिना दिसतो. एक पायरी गायब झाली की फर्मा चुकला. कटरनं पाठ सोलल्यावर हा जिना उडतो, म्हणून बघायचं ते आधीच. दोन वर्षांपूर्वी एका कन्नड पुस्तकाला मी पानांचे आकडे वाचून फर्मे लावायला गेलो. कन्नडातला दोन आणि तीन घाईत बघितले तर जुळे भाऊ. चाळीस प्रती उसवाव्या लागल्या. तेव्हापासून आकडे नाही, जिना.

डमी यंत्रावर घेतल्या. दिसायला देखण्या. संध्याकाळी पोऱ्यानं एक प्रत मधोमध उघडून टेबलावर पालथी दाबली आणि हाक मारली, "मामा, हे बघा की, पान हातातच आलं."

पान २०९.

१० जुलै, गुरुवार
पाचही डमी उघडून बघितल्या. तिघींत २०९ सुटलं. एकीत २२५ सुद्धा. फोटोंची पानं तर पाचही प्रतींत नुसत्या चिमटीनं निघाली.

मालकांचं पहिलं वाक्य: डिंक बदला. छपाईवाल्यानं फोनवर तेच सांगितलं, वर "स्वल्प अडजस्ट माडरी" (जरा सांभाळून घ्या) म्हणाला. पान सुटलं की सगळ्यांचं बोट डिंकाकडेच जातं. डिंकाची पिशवी नवी आहे, याच पिशवीतून गेल्या महिन्यात पंचायतीची रजिस्टरं गेली, एक पानही सुटलं नाही. मी म्हटलं दोन दिवस द्या.

मोजल्याशिवाय काही कळायचं नाही. घरचा बॅगा तोलायचा हातकाटा आणला. पानाची मोकळी कड दोन लाकडी पट्ट्यांत धरायची, पट्ट्यांना दोन शिकंजे, मधोमध काट्याचा आकडा. पुस्तक उघडून पाठ बाकाला बांधायची आणि काटा हळू वर ओढायचा. पान सुटतं त्या क्षणीचा आकडा लिहायचा. प्रयोगशाळेतलं यंत्र नाही हे, पण आजचा आकडा आणि उद्याचा आकडा यांची तुलना करायला पुरे.

डमीतले आकडे: पान ४१, साडेपाच किलो. पान १२१, सहा. पान २१३, साडेपाच. पान ३०१, सहाच्या जवळ. आर्ट पेपर, तीन किलोच्या आत.

म्हणजे २०९ च्या आसपासची पानं ओढायला इतरांपेक्षा कमजोर नाहीत. सगळंच पुस्तक कमजोर आहे. मग नेमकं २०९ च का सुटतं? रात्री जेवतानाही हेच.

११ जुलै, शुक्रवार
यंत्रातल्या डिंकाच्या टाकीची तबकडी १७० अंश दाखवते. या डिंकाला १६० ते १८० पाहिजे. खाली गेला की तो दाट होतो, कागदाच्या धाग्यांत शिरत नाही, वर नुसती साय धरतो. फार तापवला तर पिवळा पडून ठिसूळ होतो, जळका वासही येतो. वास कधी आला नव्हता म्हणून मी तबकडीवर विसंबलो.

शेजारच्या फ्रीज दुरुस्तीवाल्याकडून तापमान बघायची बंदूक आणली. सकाळी ११ वाजता टाकीत १५६. संध्याकाळी सहाला, घरोघरी दिवे लागून व्होल्टेज उतरल्यावर, १४८. तबकडी मात्र १७० वरच ढिम्म.

टाकी गार केली, रिकामी केली. तापमान वाचणाऱ्या नळीवर जळक्या डिंकाचं करंगळीएवढं जाड कवच. वर्षानुवर्षांचं. लाकडी पट्टीनं खरवडून काढायला दोन तास गेले. पुन्हा भरली: तबकडी १७०, बंदूक १६७.

नवी डमी. पान ४१ ला आठ किलो. बरं, पण समाधान नाही. २०९ पुन्हा सुटलं, फक्त या वेळी दहा-बारा वेळा उघडझाप केल्यावर.

१४ जुलै, सोमवार
आज कबुली. पाठ सोलणारा कटर मी फेब्रुवारीपासून धार लावायला दिलेला नाही. आधी परीक्षांच्या उत्तरपत्रिका, मग वह्यांचा हंगाम, मग "पुढच्या आठवड्यात". पंचायतीची रजिस्टरं जाड लेजर कागदाची, त्यांनी हे पाप झाकून नेलं.

कटरचं काम नुसतं पाठ कापणं नाही. घडीची दोन मिलिमीटर कड गेली की फर्म्याची पानं सुटी होतात, आणि प्रत्येक पानाची कड खरखरीत व्हायला हवी, धागे उभे राहायला हवेत. डिंक त्या धाग्यांना धरतो. बोथट कटर कागद कापत नाही, घासतो. सोललेली पाठ अंगठ्यानं चाचपली तर गुळगुळीत, पाटीसारखी चकचकीत. काचेवर डिंक लावून काय उपयोग? भरीला भुसा ओढणारी पिशवी तुडुंब भरलेली, म्हणजे उरलेली धूळ पाठीवरच. डिंक कागदाला चिकटतच नव्हता, धुळीला चिकटत होता.

कटर काढला आणि उद्यमबागेत टूल ग्राइंडिंगवाल्याकडे नेला. त्यानं दात उजेडात धरले, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. फौंड्र्यांचं आणि हायड्रॉलिकचं काम करणारा माणूस तो, आमचा कटर त्याला खेळणं वाटत असणार. परवा मिळेल.

मालकांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मग डिंकाची नवी पिशवी मागवली ती?" मागवून झाली होती.

१६ जुलै, बुधवार
कटर बसवला. खोली दोन मिलिमीटर, आणि खाचा पाडणाऱ्या दातांची खोली आणखी एक. पिशवी झटकली. सोललेल्या पाठीवर आता अंगठा फिरवला की मांजराच्या जिभेसारखं लागतं.

पान ४१, तेरा किलो. पान १२१, साडेतेरा. पान २१३, बारा. एका पानाला तर डिंक सुटला नाही, कागदच फाटला. यापुढे ओढून बघण्यात अर्थ नाही.

पण मग पान २०९ पन्नास वेळा उघडलं, मिटलं. पन्नास वेळांनंतर ओढलं: सात. पान ४१ पन्नास वेळांनंतर: बारा.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. हे पान ओढून सुटत नव्हतं, उघडून सुटत होतं.

१७ जुलै, गुरुवार
कागदाला दिशा असते. गिरणीत लगदा जाळीवरून धावतो तेव्हा धागे धावण्याच्या दिशेनं ओळीत लागतात. पुस्तकात हे धागे कण्याला समांतर हवेत. तसे असले की पान मऊ वळतं, उघडल्यावर आपसूक खाली पडतं. उलटे असले की पान ताठ राहतं आणि दर वेळी उघडताना कण्यावर पहारीसारखा जोर टाकतं.

तपासायला सोपं आहे. सगळ्या फर्म्यांतून एकेक चौकोनी तुकडा कापला, शाळेतल्या पोरांसारखे त्यांवर नंबर टाकले आणि एका बाजूनं ओल्या फडक्यानं पुसले. ओला कागद नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी म्हणजे धाग्यांची दिशा. १ ते १३ बरोबर. २० बरोबर. १४ ते १९ सगळे आडवे.

१४ व्या फर्म्याचं पहिलं पान २०९. १५ व्याचं २२५. हिशोब लागला.

छपाईवाल्याला विचारलं. मधेच कागद संपला, दुसऱ्या मापाचे ताव आडवे कापून घेतले, त्यात वाया कमी जातो, म्हणाला. वाया कमी गेला खरा.

हे आता बदलता येत नाही. सहा फर्मे पुन्हा छापायचे तर कागद, प्लेटा, वेळ, आणि पैसे कोणाचे यावर भांडण. डिंकाचा थर थोडा पातळ केला, म्हणजे कणा लवचीक राहील, आणि खाचा आणखी अर्धा मिलिमीटर खोल केल्या. २०९ पन्नास उघडझापींनंतर: साडेनऊ. इथं थांबायचं ठरवलं.

पान वाचलंही, इतक्या वेळा हातात आल्यावर. बेळगावच्या १९४६ च्या साहित्य संमेलनावरचा लेख तिथं सुरू होतो. ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनात झाला. आमचे आजोबा मांडवात पाणी द्यायला होते असं घरात सांगतात. सुटलेल्या पानांतलं एक मी खिशात ठेवलं.

१९ जुलै, शनिवार
शाळेचे सर आले. सेवानिवृत्त, धोतर नाही पण धोतराच्याच रुबाबात. काट्यावर पान ओढून दाखवलं तर खूश. "अहो, हे आमच्या विज्ञानाच्या गुरुजींना दाखवायला पाहिजे." सहा फर्म्यांचं सगळं सांगितलं, आणि हेही की तुमच्या भागातल्या पावसात ती पानं कण्याजवळ लाटा धरतील. कागद ओल पिऊन धाग्यांच्या आडव्या अंगानं फुगतो, कणा त्याला फुगू देत नाही, मग सुरकुती पडते. कणकुंबीकडचा पाऊस काय असतो ते सरांना मी सांगायची गरज नव्हती. म्हणाले, "लाटा चालतील हो, पानं सुटायला नकोत." लेखी घेतलं. मालकांनी घ्यायला लावलं, मला जरा लाजच वाटली.

फोटोंच्या पानांबद्दल मात्र सर अडून बसले. शंभर वर्षांचे वर्गाचे फोटो आहेत, लोक पहिल्यांदा तेच उघडणार.

२० जुलै, रविवार
सुट्टी. सार्वजनिक वाचनालयात गेलो, १८४८ ची संस्था. जुन्या बांधीव खंडांपैकी एक मागून घेतला आणि मधोमध उघडला. टेबलावर सपाट पडला, धरावा लागला नाही. दुमडीच्या पोटात दोऱ्याचे टाके. खळीत मोरचूद घालायचे, म्हणून कसर लागलेली नाही. असलं काम आम्ही आता हजार प्रतींसाठी करू शकत नाही, त्या भावात तर नाहीच. पण बघून आलो की बरं वाटतं.

२१ जुलै, सोमवार
आर्ट पेपरवर मातीचा लेप असतो, त्यामुळे तो चकचकतो. गरम डिंकाला धरायला धागे सापडत नाहीत, लेपच सोलून येतो. धारदार कटरनंही पाच किलोच्या वर जात नाही. पीयूआर (पॉलियुरेथेन) डिंकानं हा प्रश्न सुटतो. तो हवेतली ओल घेऊन पक्का होतो आणि आर्ट पेपरही धरतो. पण त्याला बंद टाकीचं वेगळं यंत्र लागतं, ते आमच्याकडे नाही.

दुपारी मावशीला प्रश्न सांगितला. मावशी गॅदरिंगला बसते, पण आधी वीस वर्षं याच वडगावात हातमागाच्या कांड्या भरायची. ती म्हणाली, "यंत्राला जमत नसंल तर आधी हातानं एकमेकाला धरून देऊया की. मग यंत्र काय करंल ते करंल."

फोटोंच्या आठ पानांचा (दोन्ही बाजू मोजल्या तर सोळा) गठ्ठा एकसंध झाला आणि दोन्ही बाजूंनी शेजारच्या साध्या पानांना चिकटला, तर आर्ट पेपरला कण्यातला डिंक लागला काय न लागला काय. शेजारची पानं त्याला धरतील. खरी गोम डिंकाच्या पट्टीच्या रुंदीत. नेहमी आम्ही पान चिकटवताना तीन मिलिमीटर पट्टी लावतो. इथं कटर दोन खाणार, राहील एक. म्हणून पट्टी पाच, कटर गेल्यावर तीन शिल्लक. फोटोंच्या आतल्या कडेला मोकळी जागा बारा मिलिमीटर आहे, चेहरे वाचतात.

एक नमुना केला. फोटोचं पान नऊ किलोला सुटलं, आणि सुटताना शेजारचं साधं पान घेऊनच आलं.

२३ ते २५ जुलै
तीन मावश्या, तीन दिवस. १००० गठ्ठे अधिक ३० जादा.

पद्धत लिहून ठेवतो, कारण यंत्राबद्दल सगळे लिहितात. गठ्ठ्याची घडी कटिंग यंत्रावर कापून पानं सुटी करायची. आठ पानं हातात घेऊन अंगठ्यानं पत्त्यांसारखी सरकवायची, अशी की प्रत्येकाची पाचच मिलिमीटर कड दिसेल. वर रद्दी कागदाची पट्टी ठेवायची म्हणजे बाकी पान डिंकापासून वाचतं. पांढरा गार डिंक ब्रशनं एकाच हातात, आतून बाहेर. बाहेरून आत ब्रश मारला तर डिंक कडेखाली शिरतो आणि फोटो एकमेकांना चिकटतात. रद्दी उचलायची, पानं परत ठोकून सारखी करायची, वर वजन.

मी एक करून बघितला. माझी पानं कुठं तीन सरकली, कुठं नऊ. मावशी म्हणाली, "काय करूलाय ओ हे? तुमी तुमचं यंत्र बघा." तिचा अंगठा मापपट्टी न लावता पाचावर थांबतो. दुपारी मुद्दाम दहा गठ्ठे मोजले. सगळ्यांत कमी साडेचार, सगळ्यांत जास्त साडेपाच.

मजुरी वाढीव धरायची का यावर मालक आणि मी बोललो. कटर माझ्यामुळे बोथट राहिला, पण आर्ट पेपर काही मी निवडला नव्हता. मावश्यांना वाढीव मिळाली. छपाईवाल्याकडून काही मिळालं नाही.

२६ जुलै, शनिवार
दिवसभर मुसळधार. कव्हरं उघडली तर सगळी वाळल्या पानांसारखी वळलेली. एका बाजूला लॅमिनेशन असल्यानं ओल फक्त मागच्या बाजूनं शिरते, ती बाजू फुगते आणि कव्हर फिल्मकडे वळतं. अशी कव्हरं यंत्राच्या तोंडात सरळ बसत नाहीत. क्रिझिंग करून (घडीच्या रेषा पाडून), सपाट करून, वजनाखाली, प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवली. खोलीत दोन मोठे बल्ब रात्रभर.

तीनदा वीज गेली. टाकी पुन्हा तापायला दर वेळी चाळीस मिनिटं.

२८ जुलै, सोमवार
खरं काम सुरू. सकाळी सातला टाकी लावली, आठ वाजता बंदूक १६८. ताशी दीडशेच्या चालीनं. दर पंचविसाव्या प्रतीचा कणा उघडून बघायचा, दर शंभराव्या प्रतीचं एक पान काट्यावर. दिवसअखेर ४१०. आकडे बारा ते साडेतेरा. दुपारी तीननंतर तापमान घसरायला लागलं तेव्हा यंत्र थांबवलं. मालक कुरकुरले. मी बंदूक त्यांच्या हातात दिली.

२९ जुलै, मंगळवार
नागपंचमी. मावश्या सुट्टीवर, मी आणि पोऱ्या दोघंच. गॅदरिंगला माणूस नाही म्हणून १६० वरच थांबलो.

३१ जुलै, गुरुवार
काल ३००, आज दुपारपर्यंत उरलेल्या १५०. एकूण १०२०. शेवटच्या वीसांत एकाचं कव्हर उलटं गेलं. पोऱ्या घाबरला. म्हटलं, ती आपली ओढायची प्रत.

२ ऑगस्ट, शनिवार
कटिंग. डिंक तासाभरात घट्ट वाटतो, तरी मी प्रती रात्रभर रचून ठेवल्याशिवाय तीन बाजू कापत नाही.

कटिंग यंत्रावर आलो तर दोन बटणांपैकी डाव्याला कोणीतरी रबर गुंडाळून दाबून ठेवलेलं. एका हातानं पटापट काम होतं म्हणून. दोन बटणं आहेत ती दोन्ही हात पात्याबाहेर राहावेत म्हणून. रबर काढून पोऱ्यासमोर तोडलं. माझ्या डाव्या करंगळीचं टोक नाही ते त्याला रोज दिसतं, पण कसं गेलं ते त्यानं कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं. सांगितलं.

५ ऑगस्ट, मंगळवार
पॅकिंग. पंचवीसचे गठ्ठे, आत प्लास्टिक, बाहेर खाकी. चाळीस गठ्ठे.

१३ ऑगस्ट, बुधवार
टेम्पोनं माल गेला. खानापुरापर्यंत पाऊस नव्हता, पुढं होता. ताडपत्री दुहेरी. सरांनी पोच दिली आणि पहिला गठ्ठा तिथंच फोडून फोटो उघडले. एका वर्गाच्या फोटोत तिसऱ्या रांगेत स्वतःला शोधत होते. मी निघालो तोवर सापडले नव्हते.

१८ ऑगस्ट, सोमवार
सरांचा फोन. प्रकाशन चांगलं झालं, दीडशे प्रती तिथल्या तिथं खपल्या. एकही पान सुटलेलं नाही. लाटा आल्यात, म्हणाले, पण फक्त १४ ते १९ ला, तुम्ही सांगितलं तशा.

उलट्या कव्हराची प्रत खिडकीत ठेवली आहे, पावसाची झड येते तिथं. पोऱ्याला काम दिलंय: रोज दहा वेळा २०९ उघडायचं, मिटायचं. ३० तारखेला काट्यावर.

कटर धार: पुढची तारीख १ नोव्हेंबर. भिंतीवर लिहिली. मालक म्हणाले त्या दिवशी सीमाभागात काळा दिवस, बंद असतो. मग ३१ ऑक्टोबर केली.